रंभाकाकीच्या मिठातले जंतू

वेवजी, ता. तलासरी
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय काकी,

हे पत्र मी चौथ्यांदा सुरू करतोय. पहिल्या कागदाचं मनिषनं मोटारीत तेल ओतायला नरसाळं केलं. दुसरा मीच कुठेतरी ठेवला. तिसऱ्यात ‘तुझे गुडघे कसे आहेत’ इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात बाहेर साप निघाल्याची ओरड झाली म्हणून उठलो, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत बसलो. साप अर्ध्या तासात गेला होता, हे पण सांगून टाकतो. जूनमध्ये बाबांशी भांडून घर सोडलं तेव्हा तुला म्हणालो होतो, फोनवर तुला ऐकू येत नाही तर महिन्याला एक पत्र टाकीन. पाच महिने झाले. हे पहिलं.

मी बरा आहे. राहतोय कुठे, तर नवशीच्या घरी. हो, आपल्या मिठागरातलीच नवशी. तिचा मुलगा मनिष विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतो, त्याच्या मागे बसून हिंडतो. नवशी मला दोन वेळा जेवायला घालते आणि चार वेळा शिव्या. तिचा नवरा धाकल्या रोज विचारतो, “बायचं मीठ कवा येतंय?” तू दिवाळीनंतर नवशीला मिठाची गोणी धाडतेस आणि ती पोचली की देवदिवाळीनंतर यांची वीस माणसं मिठागरातल्या कोंड्यांचा तळ तुडवायला निघतात, हे मी लहानपणापासून बघतोय. पण इकडच्या बाजूनं बघायला वेगळंच वाटतं. इथे त्या गोणीची वाट बघतात गं. लग्नाच्या आवतणासारखी.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात विवळवेढ्याला एसटी बंद पडली. देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी पेरू घेतला, खिशातली तुझ्या मिठाची पुडी काढली. शेजारी एक मुलगी बसलेली. म्हणाली, “हे मीठ कुठलं?” मी म्हटलं, “आमच्या काकीचं.” तर तिनं पिशवीतून बाटल्याच काढल्या! सगळ्यांत मीठ. मसोलीची आहे, मयुरा नाव, कॉलेजसाठी गावोगावचं मीठ तपासत फिरते. माझी अख्खी पुडी घेऊन गेली. पेरू मला अळणी खावा लागला.

परवा तिचा फोन आला. तर काकी, तुझ्या मिठात तंतू सापडलेत. एकदोन नाहीत, ओंजळभर मिठात सव्वीस. डोळ्यांना दिसत नाहीत, भिंगातून दिसतात. खाडीच्या पाण्यातून आत येत असावेत म्हणाली. घाबरू नकोस, ते पोटात गेले तर नक्की काय होतं हे अजून मोठ्यामोठ्यांना माहीत नाही. ते कशाचे आणि कसे, ते खाली सविस्तर लिहितो.

त्याआधी एक गंमत. त्या मयुराचा चष्मा एका बाजूनं तारेनं बांधलेला आहे, आणि ती बोलताना तो सारखा उजवीकडे उतरतो. मी म्हटलं, द्या, मी मोटारी दुरुस्त करतो. तर म्हणाली, ही मोटार नाही. दीड तास बसलो तिथे. दुसरी एसटी येऊन गेली तेही कळलं नाही.

मनिष हाका मारतोय. बाबांना काही सांगू नकोस.

तुझा
प्रितम

---

डहाणू
१६ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितम यास रंभाकाकीचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. पाच महिन्यांनी का होईना, जिवंत आहेस हे कळलं. गुडघे आहेत तसे आहेत. तुझं अक्षर मात्र होतं त्याहून वाईट झालंय. कोंबडीच्या पायाला शाई लावून सोडली असती तर तिनं बरं लिहिलं असतं. तीनदा वाचलं तेव्हा लागलं.

माझ्या मिठात जंतू? मिठात? अरे, मिठात जंतू जगला असता तर आपण सुकट खारवलीच कशाला असती? मासळीला मीठ लावतो ते जंतू मरावेत म्हणूनच ना? मी सातवी शिकले, ती मुलगी कॉलेजात जाते, तरी मला हे पटत नाही. आणि ‘कशाचे ते खाली लिहितो’ म्हणालास, आणि खाली सगळा चष्मा.

पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझे काका गेल्यापासून बारा वर्षं मी हे मिठागर एकटीनं चालवतेय. अख्ख्या गावाच्या लोणच्यात माझं मीठ असतं. आणि आता भिंगातून सव्वीस जंतू. म्हटलं, असतील तर असतील, मारून टाकते. सकाळी चूल पेटवली, मोठी कढई चढवली आणि मीठ भाजायला घेतलं. असं तडतडलं की शेजारची निर्मला विचारत आली, “काकी, आत्ता लाह्या कसल्या?” तीन दिवस भाजत होते. एक गोणी झाली. ती कालच नवशीकडे धाडली. सोबत चिठ्ठी घातली, की यंदा मिठात जंतू निघालेत पण मी भाजून मारलेत, निर्धास्त खा. लपवून कशाला ठेवायचं? तीस वर्षं ती माझ्या हातचं मीठ खाते.

दुसरी गोष्ट. तुझ्या बाबांनी कोळंबीवाल्यांना परत घरी बोलावलं होतं. जागा त्यांच्या नावावर, मी काय बोलणार? पण मी म्हटलं, “भाऊजी, मिठागर चालू असताना त्यात तळी खणायची नाहीत.” तर म्हणाले, “बरं. डिसेंबरच्या अमावास्येच्या उधाणाला तुझ्या कोंड्यांत पाणी आलं तर मीठ. नाही आलं तर कोळंबी. पुन्हा बोलायचं नाही.” मी हसले. नवशीची माणसं देवदिवाळीला येतात, आठ-पंधरा दिवसांत कोंड्या तुडवून होतात. अमावास्येला अजून दीड महिना आहे.

जंतूचं भाऊजींच्या कानावर घालू नकोस. आणि त्या मुलीचा चष्मा तिचा तिला दुरुस्त करू दे.

रंभाकाकी

---

वेवजी
८ डिसेंबर २०२४

काकी,

तुझं पत्र मी आज वाचतोय. का, ते विचार. मनिषच्या ओळखीचा एक जण नारगोलला होडी बांधतो. फक्त बघायला म्हणून गेलो, दोन दिवसांसाठी. सागाची फळी वाफेवर वाकवतात गं, आणि ती वाकते, केळीच्या पानासारखी! सतरा दिवस राहिलो. काल परत आलो तर ओट्यावर तुझी गोणी. तोंड शिवलेलं तसंच.

नवशीला विचारलं, “गोणी अशी का पडलीय?”

“तुझ्या काकीनं जंतू पाठवलेत,” ती म्हणाली. “भाजलेले.”

काकी, मी कपाळावर हात मारला. जंतू नाहीत गं! तंतू! त वर टिंब, तं. तंतू म्हणजे धागे. प्लास्टिकचे धागे, केसाहून बारीक. समुद्रात जे प्लास्टिक जातं ना, पिशव्या, दोऱ्या, बाटल्या, त्याचे उन्हानं आणि लाटांनी तुकडे होत होत इतके बारीक होतात की मिठात बसले तरी कळत नाही. हे मी ‘खाली लिहितो’ म्हणालो होतो आणि लिहिलं नाही. आणि माझा त म्हणे ज सारखा दिसतो. मनिषला या पत्राचं पाकीट दाखवलं, तर त्यानं ‘तलासरी’ चं ‘जलासरी’ वाचलं.

आता ऐक काय झालंय. गोणी आली तेव्हा मनिषनं तुझी चिठ्ठी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचली. इथे मोठ्यानं वाचलेलं अख्ख्या पाड्यात जातं. गेल्या वर्षी मिठागरातून आल्यावर पाचसहा जणांच्या पायांना भेगा पडून पिकल्या होत्या, आठवतंय? तर आता सगळ्यांचं ठरलंय की ते मिठातले जंतूच पायांतून चढले होते. धाकल्या म्हणतो, “बायनं सोताच्या हातानं लिवलंय, जंतू हायत. मग आमी कशाला पाय घालायचे?” देवदिवाळी होऊन सहा दिवस झाले. एकही माणूस निघालेला नाही. दोघं-तिघं सरळ वीटभट्टीवर गेले.

मी सगळ्यांना बसवून समजावलं. तंतू, प्लास्टिक, समुद्र. एक म्हातारा म्हणाला, “आधी जंतू होते, आता धागे झाले. उद्या साप होतील.” सगळे हसले, मीही हसलो, आणि सभा संपली.

नवशी मात्र हसली नाही. तिचं काय ते मला कळत नाही.

मयुराला मी तुझा पत्ता दिलाय. ती तुझ्याकडे येईल, तिला भिंग घेऊन यायला सांगितलंय. तिच्याकडून नीट समजून घे, माझ्याकडून नको.

माझं चुकलं.

प्रितम

---

डहाणू
१२ डिसेंबर २०२४

चि. प्रितम,

आशीर्वाद नंतर. आधी कान पकड.

एका अक्षरानं माझी तीन दिवसांची लाकडं गेली, गावात माझी शोभा झाली आणि माझी माणसं गेली. मास्तर तुला अक्षरावरून मारायचे तेव्हा मी मध्ये पडायचे. उगाच पडले.

मयुरा काल आली. तुझ्या वर्णनावरून मला वाटलं होतं कोणी चष्म्याची जाहिरात येतेय. गुणी मुलगी आहे. पायरीवर बसून सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ली, आणि कामाला लागली. गेल्या वर्षीचं मीठ गाळलेल्या पाण्यात विरघळवलं, एका गोल कागदातून गाळलं, तो कागद वाळवला. मग मोबाईलच्या डोळ्यावर एवढंसं भिंग बसवलं आणि म्हणाली, “काकी, बघा.” मला ऐकू येत नाही म्हणून ती प्रत्येक वाक्य हात हलवून बोलत होती.

बघितलं. निळा दोरा. त्याला पीळ.

मी म्हटलं, “अगं, हा तर जाळीचा आहे.”

ती म्हणाली, “कशावरून?”

मी म्हटलं, “चाळीस वर्षं खाडीकाठी काढली. साडीचा दोरा, गोणीचा दोरा आणि जाळीचा दोरा मला कळत नाही होय?”

मग आणखी बघितले. सव्वीसांत एकोणीस निळे, आणि सगळे त्याच पिळाचे. मी तिला तशीच उठवली आणि उघाडीवर घेऊन गेले. खाडीचं पाणी आत घ्यायच्या त्या तोंडाला काय बांधलंय, प्रितम? पूर्वी तिथे कामट्यांची ताटी असायची, मासे-खेकडे आत येऊ नयेत म्हणून. दरवर्षी बांबू फोडून धाकल्या नवी विणायचा. दोन वर्षांपूर्वी कोणी तरी म्हणालं, कशाला एवढी मेहनत, बंदरावरून जुनी नायलॉनची जाळी आणतो, दहा मिनिटांचं काम. ते कोण होतं? ती जाळी उन्हानं आणि खारानं कुजलीय. मी हात लावला तर बोटांना निळी भुकटी लागली. सगळं पाणी दोन वर्षं त्यातून येतंय.

मला वाटत होतं समुद्रानं घाण आणली. आणली आपणच.

मी जाळी तिथल्या तिथे विळ्यानं कापली. मग तिथेच बांधावर बसले. मयुरा शेजारी बसली. हात हलवले नाहीत. गुणी आहे म्हटलं ना.

लोणच्याच्या बरणीमागे तीन वर्षांपूर्वीचं मीठ होतं, जाळीच्या आधीचं. ते तिला दिलंय मोजायला.

आता कोंड्या. तळाला भेगा पडल्यात, तुडवल्याशिवाय पाणी एक दिवस टिकणार नाही, सगळं जिरेल. अमावास्या तीसला आहे. भाऊजी काल बांधावर येऊन उभे राहिले, काही न बोलता बघून गेले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तू नवशीला घेऊन ये. ती निघाली की बाकीचे निघतात, हे मला माहीत आहे. तिला सांग, जंतू नव्हते.

रंभाकाकी

---

वेवजी
१७ डिसेंबर २०२४

काकी,

जाळी मी बांधली होती. मला आठवतंय, त्या दिवशी बंदरावर दशावतारी मंडळींची गाडी आली होती आणि मला त्यांच्याबरोबर पुढच्या गावापर्यंत जायचं होतं, म्हणून दहा मिनिटांत उरकलं. बांबू फोडायला दिवस गेला असता. मी काही म्हणत नाही, तूच काय ते म्हण.

पत्र आलं तसं नवशीला वाचून दाखवलं. जाळीपर्यंत आलो तेव्हा धाकल्या उठून उभाच राहिला. “मी तवाच बोललो होतो,” म्हणाला, “ताटीची जागा ताटीलाच.” त्याला इतका आनंद झाला की जंतू विसरला. तो यायला तयार आहे. लक्ष्या तयार आहे, काकड्या तयार आहे, वीटभट्टीवरचेही परत बोलावू म्हणतात. पण सगळे नवशीकडे बघतात. आणि नवशी भात पाखडतेय. पाखडून झालेलाच परत पाखडतेय.

काल मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. म्हटलं, “मावशी, आता तर जंतू नाहीत हे कळलं ना?”

“मला कवाच कळलं होतं,” ती म्हणाली. “मिठात कुठं जंतू असतात? मी येडी हाय काय?”

“मग?”

तिनं सुपातलं फोलपट उडवलं. मग म्हणाली, “तीस वर्सं. माझा मनिष तिच्या बांधावर चालायला शिकला. तिचा नवरा गेला तवा पंधरा दिस मी तिच्याजवळ झोपले. तिला मिठात काय वाईट दिसलं, तर तिनं येऊन सांगायचं का चिट्ठी टाकायची? पोरानं वाचली, पाड्यानं ऐकली, मी शेवटी ऐकली. गोणी येती, चिट्ठी येती. ती कवा आली का? माझं दार कुठल्या दिशेला हाय, विचार तिला.”

काकी, मी विचारतोय. माहीत आहे का तुला?

मला उत्तर माहीत आहे. मी पण जूनच्या आधी इथे कधी आलो नव्हतो. डहाणूहून दोन तास लागतात, मी दमणला चार वेळा गेलोय.

तू ये. मनिषची गाडी आहे, तो न्यायला येईल. नाही तर मी येतो.

प्रितम

ता. क. मयुरानं चष्मा बदलला. मला विचारलंही नाही.

---

डहाणू
२१ डिसेंबर २०२४

चि. प्रितम,

मी येणार नाही. माझे गुडघे एसटीच्या पायरीला वाकत नाहीत, मनिषच्या गाडीवर तर मी बसणारच नाही. आणि येऊन करू काय? ती काय बोलते ते मला ऐकू यायचं नाही, मी नुसती मान हलवत बसणार. पुन्हा हा विषय काढायचा नाही.

जुन्या मिठाचं मयुरानं कळवलं. तेवढ्याच मिठात सहा निघाले. त्यात निळा एकच, बाकी लाल, पांढरे, एक चकचकीत तुकडा. दुकानातल्या पाकिटात तिला सात मिळाले होते. म्हणजे जाळी काढली तरी सहा राहणारच. ते समुद्रातलेच, कोणाकोणाचे ते देव जाणे. मी विचारलं, “सहाचं काय करू?” ती म्हणाली, “काकी, ते तुमच्या एकटीच्या हातात नाही.” मला उत्तर आवडलं नाही. पण खरं बोलली, म्हणून एक भाकरी जास्त वाढली. नवशीला सांग, सहा आहेत. पुढच्या गोणीतही असतील. माहीत असून न सांगता मीठ देणार नाही.

भाऊजींनी कोळंबीवाल्यांना एकतीस तारखेला बोलावलंय. अमावास्येच्या दुसऱ्याच दिवशी. मला सांगितलं नाही, निर्मलाकडून कळलं. मी काल एकटीच एका कोंडीत उतरले. अर्धी तुडवली. मग बसले. एका बाईचं काम नाही ते.

आता एक लिहिते, ते नवशीला वाचून दाखवायचं नाही. मनिषच्या लग्नाचं आवतण मला होतं. धाकल्या हळद-तांदूळ घेऊन स्वतः आला होता. मी ताप आला म्हणून कळवलं. ताप नव्हता. सासूबाई तेव्हा होत्या, त्या म्हणाल्या, आपण त्यांच्याकडे जेवायला जात नाही. मी काही बोलले नाही. नवीन लुगडं घेऊन ठेवलं होतं तिच्यासाठी, ते तसंच आहे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर कोण अडवत होतं मला? कोणी नाही. म्हणून आता कुठल्या तोंडानं येऊ?

एवढंच. कोंड्या जायच्या असतील तर जातील.

रंभाकाकी

---

वेवजी
२५ डिसेंबर २०२४

काकी,

या वेळी उशीर नाही. तुझं पत्र काल आलं, आज बसलो. नवशीच्या अंगणात बसलोय, मांडीवर पाट घेऊन, आणि अक्षर बघ, एकेक त सुटा काढलाय.

सहाचं नवशीला सांगितलं. म्हणाली, “सहा कायला, साठ असले तरी समजतं. सांगितलं ना.” पुढचं, तू नको म्हणालीस ते, वाचलं नाही. वाचायचं थांबलो तशी तिनं कागदाकडे बघितलं. म्हणाली, “एवढं मोठं पत्र आणि एवढंच?” मी म्हटलं, बाकी घरचं आहे. तर स्वतःच म्हणाली, “तिला ताप नव्हता ते मला तवाच म्हाईत हाय. तापाचं माणूस दुसऱ्या दिसाला उन्हात कोंडीवर उभं राहतं काय? धाकल्याच्या भावानं बघितलं.” आणि आत निघून गेली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, शपथ.

म्हणजे बघ, तू नऊ वर्षं लपवलंस ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि तरी ती दरवर्षी आली.

आता मी काय ठरवलंय ते सांगतो. मी शुक्रवारी घरी येतोय. बाबा काय म्हणायचं ते म्हणू देत. मी, धाकल्या, लक्ष्या, काकड्या, मिळतील तेवढे. नवशीशिवाय वीस होणार नाहीत, सात-आठ होतील. निदान दोन कोंड्या तरी अमावास्येपर्यंत धरू. ताटी मी विणतोय. तीन दिवस बांबू फोडतोय, दोन बोटं कापली. काल नवशी येऊन बघून गेली, म्हणाली, “यातून खेकडाच काय, म्हैस जाईल.” मग माझ्या हातातून कोयता घेतला आणि चार कामट्या अशा सोलल्या की मी बघतच बसलो. पाचवी माझ्याकडून करून घेतली. पण येते म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. तिच्याकडून एकदा तरी न विचारता काही यावं असं वाटलं.

कामटी सोलताना आतली बाजू पोटाकडे धरायची असते, तुला माहीत होतं का? मला वाटायचं उलटं. धाकल्याला हे त्याच्या आजोबांनी शिकवलं, आणि ते आजोबा म्हणे एकदा वाघाच्या

थांब. खाली रस्त्यावर काहीतरी गोंधळ चाललाय. रिक्षा उभी आहे, पोरं जमलीत. कोणीतरी बाई ओरडून विचारतेय, अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, “नवशीचं घर कुठलं? नवशीचं?”

काकी, तू आहेस.

हे कोणाला लिहितोय मी? तू तर शेताच्या बांधावरून येतेयस, एका हातात छत्री, काखेत लुगड्याचं गाठोडं, पायांना शेतातली माती. एकटी. कोणी सोबत नाही. मनिष मदतीला धावला तर त्याला छत्रीनं बाजूला केलंस. मी उठायला हवं, पण उठलो तर हे लिहायचं राहून जाईल, आणि माझं सगळं असंच राहून जातं. म्हणून लिहितो, नंतर तूच वाच.

नवशी दारात आलीय. हातात पाण्याचा लोटा, चुलीशी नेत होती तो. तू अंगणात थांबलीस. दोघी एकमेकींकडे बघताय. धाकल्या बिडी विझवून उभा राहिलाय.

नवशी माझ्याकडे बघून म्हणाली, तुझ्याकडे नाही, “इचार तिला, पाणी आमच्या विहिरीचं हाय. चालंल का?”

तुला ऐकू गेलं नाही. “काय म्हणते?” म्हणून तू मला विचारलंस, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे होऊन तिच्या हातातला लोटा घेतलास आणि उभ्यानंच, गटागटा, अर्धं पाणी पदरावर सांडत, रिकामा केलास. परत तिच्या हातात दिलास आणि म्हणालीस, “अजून आण.”

नवशी रिकाम्या लोट्याकडे बघत उभी राहिली. मग तुझा दंड धरला, तुला ओट्यावर बसवलं, आणि वाकून तुझ्या कानाशी तोंड नेऊन ओरडली:

“पाणी उघाडीतून आत घेतलं नाय ना अजून? घेतलं असंल तर तुडवायच्या आधी उपसायला लागंल!”